टिकलीखालचा दिवा

गाडी घेतली तेव्हा तिला टिकली लावलेली होती. स्टिअरिंगच्या मागे वेगाचा काटा असतो ना, त्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात. चांगली मोठी, मरून रंगाची, मखमली टिकली. वलगावच्या ज्या घरातून आम्ही ती जुनी गाडी घेतली, त्या घरच्या बाईंनी ती लावली असणार हे उघड होतं. माझ्या नवऱ्याने ती पाहिली आणि म्हणाला, "राहू दे. त्या बाईनं भक्तीनं लावली असन." मीही राहू दिली. आमच्याकडे कुणाचं कुंकू पुसायला हात धजत नाही, मग ते माणसाच्या कपाळावरचं असो की यंत्राच्या. दसऱ्याला पिठाच्या गिरणीला, मोटारपंपाला, शिलाई मशीनला कुंकू लागतं आणि ते वर्षभर तिथेच वाळून बसतं. कोणी खरवडत नाही.

एवढ्यावरच मी थांबले नाही. थंडीत टिकलीची एक कड सुटायला लागली, तर मी अंगठ्याने दाबून ती परत चिकटवली. वर नमस्कारही केला. आता आठवलं की हसू येतं.

मी अमरावतीच्या डेपोत कंडक्टर होते. बायका कंडक्टर म्हणून लागल्या, त्या सुरुवातीच्या तुकडीतली. खाकी शर्ट, गळ्यात चामडी बॅग, हातात तिकिटं, आणि बसमध्ये चढणारा प्रत्येक माणूस आधी माझ्याकडे आणि मग बाजूच्याकडे पाहायचा. अमरावती, वलगाव, दर्यापूर, अकोला ही माझी लाइन. त्या रस्त्यावरचं कोणतं बाभळीचं झाड कुठे आहे हे मला झोपेत विचारलं तरी सांगेन. सिंगल बेल म्हणजे थांब, डबल म्हणजे चल. घंटीची दोरी बऱ्याचदा तुटलेलीच असायची, मग तळहाताने पत्र्यावर दोन थापा मारायच्या. माझी डबल पडल्याशिवाय ती एवढी मोठी लाल गाडी जागची हलत नसे. या गोष्टीचा मला तेव्हाही गर्व होता आणि आजही आहे. पण स्टिअरिंगवर कायम दुसरं कोणीतरी असायचं. मी मागून सांगायची, तो पुढे चालवायचा. सगळी नोकरी माझ्या मनात एकच होतं, की कधीतरी त्या पुढच्या सीटवर मी बसेन आणि हाच रस्ता माझ्या पायाखालून जाईल.

निवृत्त झाल्यावर मी ड्रायव्हिंग क्लास लावला. गल्लीतल्या लोकांना महिनाभर दुसरा विषय नव्हता. लायसन निघालं, फंडातून ही जुनी पांढरी गाडी घेतली, आणि नवऱ्याला शेजारच्या सीटवर बसवून शहरात फिरायला लागले. तोंडावर मी त्याला तुमी म्हणते. लिहिताना नवरा म्हणते, एवढी सूट निवृत्तीनंतर घेतली आहे. तो शाळेत क्लार्क होता, स्वभावाने सरळ, जीवाने घाबरट, आणि सायकलच्या पुढे त्याने काही चालवलेलं नाही. माझ्या शेजारी बसला की त्याचा एक हात वरच्या दांडीला आणि तोंडात एकच शब्द, "थांब." समोर बैल दिसला, थांब. लांबवर सिग्नल दिसला, थांब. काहीच दिसलं नाही तरी, जरा थांब. मी त्याला म्हणायची, "तुमची घंटी बिघडली हाये. सिंगलच वाजते."

त्या उन्हाळ्यात आम्हा जुन्या बायका कंडक्टरांनी अकोल्यात एकत्र जमायचं ठरवलं. एका मैत्रिणीच्या अंगणात, रविवारी, सकाळी. मोबाइलवरच्या आमच्या ग्रुपवर कोण कोणत्या बसने येणार याची चर्चा चालू होती. मी लिहून टाकलं, "मी माह्या गाडीनं येणार." लगेच एकीने विचारलं, "ड्रायव्हर कोण?" मी लिहिलं, "मीच." त्यानंतर ग्रुपवर जो गोंधळ उडाला त्याने माझी छाती फुगली. एकीने लिहिलं, "तू आली का आमी सगळ्या एक एक चक्कर मारू." मी म्हटलं, माराच.

आणि मग ती टिकली पडली.

दर्यापूरला नात्यात साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होतं. तिथून दुपारी परत निघालो. दर्यापूर सोडलं तसं दोन्ही बाजूंना काळं रान, पिकं निघून गेलेली, जमिनीला भेगा, आणि काचेतून येणारं ऊन असं की स्टिअरिंगला हात लावू देत नव्हतं. टिकलीचा गोंद वितळला असावा. ती हळूच घसरली आणि माझ्या मांडीवर पडली. मी तिला उचलायला खाली पाहिलं, परत वर पाहिलं, तर टिकली होती त्या जागी एक पिवळा दिवा जळत होता.

"हा काय नळ हाये?" नवऱ्याने विचारलं. खरंच, ते चित्र तोटीसारखंच दिसतं. पण क्लासमध्ये आम्हाला ते शिकवलं होतं. ते इंजिनचं चित्र. तो दिवा लागला म्हणजे इंजिनात काहीतरी बिघाड आहे, तपासून घ्या.

"कवापासून लागून असन?" तो म्हणाला.

उत्तर दोघांनाही कळलं होतं. पहिल्या दिवसापासून. मी रात्री गाडी काढत नसे, नाहीतर टिकलीच्या कडेने उजेड कधीच दिसला असता. आम्ही एवढे दिवस देवाचं कुंकू म्हणून जिला हात लावला नाही, ती टिकली एका पेटलेल्या दिव्यावरचं झाकण होती. आणि मी तिला दाबून दाबून चिकटवली होती! माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. वलगाव येईपर्यंत मी त्या घरच्यांना मनातल्या मनात जे बोलले, ते छापण्यासारखं नाही.

घरी आल्यावर नवऱ्याने फर्मान काढलं. "आपल्याले फसवलं. आता ही गाडी घरात नोको. एखाद्या दिवशी रानात बंद पडन अन् आपण बसू उन्हात." नांदगाव पेठेला त्याचा पुतण्या राहतो, कापडाच्या कारखान्यात नोकरी आणि बाजूने जुन्या गाड्यांची देवघेव. नवऱ्याने त्याला फोन लावला. पुतण्या म्हणाला, शनिवारी येऊन घेऊन जातो. रविवारी माझं अकोला होतं. मी फोन हिसकून घेतला.

"काकू, टेन्शन काहून घेता?" तो म्हणाला. "थो दिवा असला तरी चालते. तुमी फक्त थे टिकली पुन्हा लावून ठेवा. मी पुढं देऊन टाकीन."

आता माझं डोकं फिरलं. "मी फसली म्हणून अजून एखाद्याले फसवू काय?" मी म्हटलं आणि फोन ठेवला. नवरा घाबरून पाण्याचा ग्लास घेऊन आला. त्याच्या मनात वाईट नव्हतं. त्याला फक्त मला रस्त्याच्या कडेला उभं राहिलेलं पाहायचं नव्हतं. पण माझ्यासमोर दुसरंच चित्र होतं. अकोल्याच्या स्टँडवर मी पिशवी घेऊन बसमधून उतरते आहे आणि सगळ्या जणी विचारत आहेत, गाडी कुठी हाये? मी सांगितलं, "शनिवारपर्यंत थांबा. दिवा काहून लागला थे सापडलं अन् बरं झालं, तं गाडी राहीन. नाई सापडलं तं मी सोता चाबी देईन." तो कबूल झाला.

दुसऱ्या दिवशी मी शहरातल्या एका गॅरेजमध्ये गेले. मेकॅनिक तरुण, हुशार, हातात मोबाइलएवढं यंत्र. स्टिअरिंगच्या खालच्या खाचेत त्याने ते जोडलं, पडद्यावर अक्षरं-आकडे आले, आणि तो म्हणाला, "काकू, इंजिनात पेट्रोलच्या मानानं हवा जास्त होऊन राह्यली."

"कुठून?"

"थे हे मशीन नाई सांगत. कुठी दुखते एवढं सांगते, काहून दुखते थे आपल्याले पाहा लागते. हवा मोजायचा सेन्सर असन, नाई तं धुराचा सेन्सर असन, नाई तं पेट्रोलचा पंप. एकेक बदलून पाहू."

त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती. त्याच्या दारात दुरुस्तीच्या गाड्यांची रांग लागलेली होती, आणि जुन्या गाडीत शोधत बसण्यापेक्षा सुटा भाग बदलणं सोपं पडतं. पण मला ते पटेना. कळल्याशिवाय मी काहीच बदलू देणार नव्हते. त्याने यंत्रातून तो दिवा विझवून दिला आणि सांगितलं, बिघाड असेल तर परत लागेल. मी खुशीत घरी आले. दुसऱ्या दिवशी भाजी घेऊन परत येताना राजकमल चौकाच्या गर्दीत तो पुन्हा लागला. नवऱ्याने बोटांवर शनिवारपर्यंतचे दिवस मोजले. मग माझ्याकडे पाहिलं.

पण एक शब्द माझ्या डोक्यात बसला होता. हवा.

हवा हा आमच्या धंद्यातला शब्द. मोठ्या बसचे ब्रेक हवेवर चालतात. सकाळी डेपोत गाडी चालू केली की आधी हवा भरू द्यायची, मग निघायचं. एखाद्या नळीला बारीक भोक असलं की गाडी हवा धरत नसे, आणि ते भोक शोधायचं काम बऱ्याचदा कानाने व्हायचं. आमच्या लाइनवरचे एक जुने ड्रायव्हर मला म्हणायचे, "बाई, तुमी मागं जाऊन ऐका, मी पुढं ऐकतो." रिकाम्या गाडीत मी सीटखाली वाकून ऐकायची. कुठेतरी सूंऽऽ असा आवाज यायचा, झोपलेल्या माणसाच्या नाकातून येतो तसा. मी आवाज द्यायची, "अठी हाये!" हे काम मी वर्षानुवर्षं केलं होतं. आणि आता माझ्याच गाडीतली हवा मला सापडू नये?

मी शांत बसून आठवायला लागले. ही गाडी उभी असली की थरथरते. सिग्नलला थांबलं की इंजिनच्या फेऱ्यांचा काटा वर-खाली होतो. रस्त्याला लागली, वेग घेतला, की एकदम शहाणी. मी समजत होते, वय झालं बिचारीचं, माझेही गुडघे उठताना कुरकुरतातच. पण पंप किंवा सेन्सर गेला असता तर पळतानाही त्रास दिला असता ना? उभी असतानाच थरथरते म्हणजे कुठूनतरी थोडी चोरटी हवा आत जाते. पळताना इंजिन एवढी हवा ओढतं की त्या थोड्याशा हवेची मातब्बरी राहत नाही, उभं असताना मात्र तीच जास्त होते. हे मी कुठे वाचलेलं नव्हतं. विचार करता करता जुळत गेलं, आणि जुळलं तेव्हा मला इतका आनंद झाला की मी एकटीच हसले.

पण दिवा कधीपासून लागला हे कळल्याशिवाय गाडं पुढे जाणार नव्हतं. ते सांगणारं माणूस एकच. मी गाडी काढली आणि वलगावला गेले. खरं सांगायचं तर विचारायला कमी आणि भांडायला जास्त.

घरी बाईच होत्या. माझ्यापेक्षा थोड्या मोठ्या, अंगणात तुरीची डाळ पाखडत बसलेल्या. मी नमस्कार-चमत्कार काही न करता पर्समधून ती टिकली काढली आणि त्यांच्या सुपात ठेवली.

"ही तुमची."

त्यांनी टिकलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि सूप खाली ठेवलं. "अवं बाई, थे मीच लावली. खोटं काहून बोलू?"

"काहून लावली?"

"आमचे मालक लय भित्रे. दिवा दिसला का गाडीच काहाडत नोते. म्हणे आज पेटन, उद्या पेटन. बरं, दुरुस्तीलेबी नेत नोते. अन् माह्यी माय तथी बडनेऱ्याले अंथरुणावर पडेल. मले तिच्याकडं जायचं राहे. म्या कपाळाची टिकली काहाडली अन् देल्ली लावून. सांगतलं का देवीची हाये, हात लावू नोका."

"मंग?"

"मंग काय. त्यायले वाटलं दिवा गेला. मायले शेवटपर्यंत भेटली म्या. ती गेली, मंग मालकायचे डोळे गेले, मंग गाडी इकली. इकतानी टिकलीची याद कोणाले?"

मी भांडायची सगळी तयारी करून आले होते. दर्यापूर रोडवर केलेली मनातली वाक्यं तोंडापर्यंत आली होती. पण काय भांडणार? मला अकोल्याला जायचं होतं, तिला आईकडे. दोघींच्या मध्ये एकेक घाबरलेला नवरा आणि एकच पिवळा दिवा. मी त्यांच्या बाजूला पायरीवर टेकले. त्यांनी चहा ठेवला.

"दिवा पयल्यांदा कवा लागला, थे आठवते काय?" मी विचारलं.

"आठवते ना. कापूस घरात आला तवा. भाव नोता, म्हणून इकला नाई. घर भरलं, मंग गाडीच्या शेडात भरला. मधात गाडी अन् चारी बाजूनं कापूस. गाडी हाललीच नाई किती दिवस. काहाडली, तं दिवा."

"शेडात उंदीर होते?"

त्या माझ्याकडे अशा पाहायला लागल्या की जणू मी विहिरीत पाणी होतं का असं विचारलं. "कापसात उंदीर नाई राह्यतीन तं कुठी राह्यतीन?"

मला उठून नाचावंसं वाटलं. चहा अर्धा टाकून निघणं बरं दिसलं नसतं, म्हणून भाजत भाजत संपवला. निघताना त्या गाडीजवळ आल्या, बोनेटवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "माह्यी टिकली ठेवा वाटलं तं." मी म्हटलं, "नोको बाई, आता हिले उघड्या कपाळानं राहू द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन रात्रभर थंड झालेलं असताना, मी बोनेट उघडलं. नवऱ्याला म्हटलं, चाबी फिरवा आणि काही करू नका. तो ड्रायव्हरच्या सीटवर असा बसला की जणू ती इलेक्ट्रिकची खुर्ची आहे. इंजिन चालू झालं. मी कान लावला. आधी नुसता घरघराट. मग मी डोळे मिटले आणि रिकाम्या बसमध्ये वाकून ऐकायची तशी ऐकायला लागले. घरघराटाच्या खाली, मागच्या बाजूला, अगदी बारीक, सूंऽऽ.

तो माझ्या ओळखीचा आवाज होता.

पण नेमकं कुठे? तिथे नळ्यांचं जाळं. बसमधली हवा बाहेर पडते, म्हणून हाताला फुंकर लागते. ही हवा आत ओढली जात होती, हाताला काय लागणार? मी इकडे-तिकडे पाहिलं. नवऱ्याची पूजा नुकतीच झालेली होती, देवासमोर अगरबत्ती जळत होती. मी पेट्रोलचा वास कुठे येतो का ते आधी नीट पाहून घेतलं, पेट्रोलच्या नळीपासून लांब राहिले, आणि अगरबत्ती आणून तिचा धूर त्या मागच्या बाजूला नेला. इंजिनचा पंखा सुरू व्हायच्या आत काम उरकायचं होतं. धूर सरळ वर जात होता. थोडं उजवीकडे नेलं, सरळ. अजून खाली नेलं, आणि धुराची रेघ वाकली. वाकली ती वाकलीच, आणि एका जाड काळ्या नळीच्या पोटाखाली शिरून दिसेनाशी झाली.

"अठी हाये!" मी ओरडले. इतक्या मोठ्याने, की शेजारची खिडकी उघडली.

नवरा गाडी बंद करून धावत आला. अगरबत्ती मी त्याच्या हातात दिली आणि मोबाइलच्या उजेडात खाली पाहिलं. नळीला खालून कुरतडलेलं होतं, तांदळाच्या दाण्याएवढं भोक. आणि नळीच्या मागे, वरून कोणाला कधी दिसणार नाही अशा खोबणीत, काळपट झालेल्या कापसाचं छान मऊ घरटं, त्यात सरकीची टरफलं. उंदीर केव्हाच निघून गेले होते. वलगावचा कापूस मात्र आमच्या गाडीतून अमरावतीभर फिरत होता.

आम्ही तशीच गाडी गॅरेजला नेली. मेकॅनिकने वाकून पाहिलं, नळीखाली बोट घातलं आणि शीळ घातली. "काकू, ब्रेक जड लागत होता काय?"

लागत होता. मला वाटायचं माझा पाय नवखा आहे.

"ही नळी ब्रेक हलका करते त्या डब्याकडं जाते. अजून फाटली असती तं ब्रेक दाबाले तुमाले दोन्ही पाय लागले असते. बरं झालं सापडली." मग त्याने विचारलं, "सापडली कशी?"

मी तोंड उघडायच्या आत नवरा पुढे सरकला. "हिनं सापडवली. आयकून. अन् मंग धूर लावून." शाळेच्या गॅदरिंगमध्ये पोराचं नाव पुकारल्यावर बाप उभा राहतो, तसा तो उभा होता. मेकॅनिकने पेट्रोलच्या गाडीजवळ जळती अगरबत्ती नेल्याबद्दल मला आधी चांगलं झापलं, ते बरोबरच होतं आणि मी ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, "पण काम पक्कं केलं." घरटं काढलं, नवी नळी बसवली, दिवा विझवला. इंजिन उभ्या जागी असं शांत चालायला लागलं की नवऱ्याने बंद पडलं का म्हणून विचारलं.

शनिवारी पुतण्या आला. मी त्याला पोहे दिले आणि चाबी दिली नाही. तो म्हणाला, "काकू, दिवा पुन्हा लागला तं? अकोल्याच्या रस्त्यात लागला तं?" खरी गोष्ट होती. नळी बदलून एकच दिवस झाला होता आणि मेकॅनिकनेही सांगितलं होतं, चालवल्याशिवाय खात्री नाही. मी म्हटलं, "लागला तं लागू दे. लागला तं मले दिसन तरी."

रविवारी सकाळी मी तयार होऊन बाहेर आले, तर नवरा आधीच गाडीत बसलेला. मी समजत होते की तो येणार नाही. पाण्याची मोठी बाटली, छत्री, टॉर्च आणि एक दोरखंड त्याने मागे ठेवला होता. दोरखंड कशाला हे मी विचारलं नाही. वलगाव गेलं, दर्यापूर गेलं. तो रस्त्याकडे पाहतच नव्हता. त्याचे डोळे त्या काचेच्या कोपऱ्यावर खिळलेले. कोपरा काळा तो काळाच. मी खिडकी उघडली होती, माझ्या ओळखीची बाभळीची झाडं एकामागून एक जात होती, आणि सगळी नोकरी मागच्या खिडकीतून पाहिलेला तो रस्ता पहिल्यांदाच थेट अकोल्यापर्यंत समोरून येत होता. माझे डोळे भरून आले. नवरा लगेच म्हणाला, "थांब, थांब, डोळे पूस." त्या दिवशीची त्याची ती पहिली सिंगल. मी थांबले, डोळे पुसले, निघाले.

अकोल्यात मैत्रिणीच्या दारात मी जोरात हॉर्न वाजवला. सगळ्या अंगणातून धावत आल्या. केस पांढरे झालेले, अंग सुटलेलं, एकीच्या हातात काठी, पण आवाज तेच, भरलेल्या गाडीत शेवटच्या सीटपर्यंत पोचणारे. त्यांनी गाडीला अशा प्रदक्षिणा घातल्या की मला नवरीचा मान मिळाल्यासारखं झालं. एकेकीला बसवून मी चकरा मारल्या. उंदरांची आणि टिकलीची गोष्ट सांगितली, अगरबत्तीची तर दोनदा सांगायला लावली. मी मुळीच लाजले नाही. थोडी वाढवूनही सांगितली. नवरा कोपऱ्यात खुर्चीवर बसून जिलबी खात होता आणि मी कुठे काही विसरले की आठवण करून देत होता.

दुपार कलली, निघायची वेळ झाली. सगळ्या गाडीभोवती उभ्या राहिल्या. मी चाबी फिरवली. समोरचे सगळे दिवे एकदा लागले, त्यात तो पिवळाही लागला. गाडी चालू झाली आणि सगळ्यांबरोबर तोही विझला. मी आरशात पाहिलं, पट्टा लावला, आणि सवयीने शेजारून "जरा थांब" येण्याची वाट पाहिली.

ते आलं नाही. नवऱ्याने वरची दांडी सोडली, हात खिडकीतून बाहेर काढला आणि दाराच्या पत्र्यावर तळहाताने थाप मारली. एक. आणि मग दुसरी.

सगळ्या कंडक्टर बायका एकदम दोन पावलं मागे सरकल्या. त्या दोन थापांचा अर्थ त्यांना सांगायची गरज नव्हती. आयुष्यभर आम्ही त्या दुसऱ्यांसाठी मारल्या होत्या. आमच्यापैकी कोणासाठी कोणी मारलेल्या मी पहिल्यांदाच ऐकत होते.

मी पहिला गिअर टाकला आणि गाडी काढली.